शेवटचा आटा

"भैया, जरा काठी थाम लो," हेमेंद्र रिक्षावाल्याला म्हणाला आणि त्याने आधी चांगला पाय खाली टेकवला. दौलतगंजातलं आपलं वर्कशॉप तो अपघातानंतर आज पहिल्यांदाच बघत होता. आत लेथपाशी चुलतभाऊ उत्कर्ष उभा होता. त्याला बघताच हेमेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय तरी कुठे धड राहिला होता म्हणा!

आज याला घालवायचाच, असं घरून ठरवून तो निघाला होता. आई, उषाताई, निघताना आडवी आली होती. "तुझ्याच ताटात जेवून मोठा झालाय रे तो."

"म्हणूनच तर जास्त चीड येते," तो म्हणाला होता.

अपघाताच्या दिवशी दोघं लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा तो जड लोखंडी जबडा, उतरवत होते. हेमेंद्र तो आट्यांवरून फिरवून सोडवत होता, उत्कर्षचे हात खालून आधाराला होते. घाईत खाली फळी ठेवायची राहिली होती. शेवटच्या आट्यावर चक कलला. त्याने धरावा म्हणून हेमेंद्र जिवाच्या आकांताने ओरडला, आणि या शहाण्याने चक्क हात मागे घेतले! तेवढं लोखंड घरंगळत पायावर आलं.

का घेतले हात, हे हेमेंद्रला पक्कं ठाऊक होतं. आदल्याच दिवशी त्याने गिऱ्हाइकांसमोर उत्कर्षला झापलं होतं. चूक एवढीच, की तो "हाँ भैया, अभी करता हूँ" म्हणाला होता. "बाहेर काय ती हिंदी झाड. मशीनपाशी आपण मराठीच बोलायचं, समजलं?" उत्कर्षने तेव्हा मान खाली घातली होती. मनात ठेवलं आणि डाव साधला मेल्याने!

"पंपाचा शाफ्ट आलाय, चार जॉचा चक लागेल," उत्कर्ष हळूच म्हणाला.

"तेवढा बदलू. मग शटरची किल्ली ठेव आणि चालता हो."

"बरं, दादा."

त्याने का म्हणूनही विचारलं नाही. हेमेंद्र आणखीच भडकला.

"मेन स्विच?"

"बंद केलाय."

"चकाची चावी?"

उत्कर्षने ती काढून बाजूला ठेवलेली दाखवली.

"फळी?"

"ठेवली."

"आज बरं सगळं आठवतंय!"

हेमेंद्रने काठी भिंतीला टेकवली आणि स्वतःच चक फिरवायला घेतला. उत्कर्षने निमूट खालून हात लावले.

"खरं सांग. त्या दिवशी हात का काढलेस?"

"तुम्हीच सांगितलंत, दादा."

"मी? माझाच पाय मोडायला? वर तोंड करून मलाच बोलतोस?"

रागाच्या भरात त्याने नको इतका जोर लावला. शेवटचा आटा सुटला आणि चक पुढे कलला. हेमेंद्र ओरडला,

"थाम! अरे, थाम!"

उत्कर्षने झटकन दोन्ही हात मागे घेतले. चक धप्पकन फळीवर बसला.

"थांबलो, दादा," तो म्हणाला.