दोन्ही पायांचा फोटो

मंजुरीच्या फाईलवर वरून पुन्हा तीच क्वेरी आली. ‘रुग्णाच्या दोन्ही पायांचा, घोट्यापासून बोटांपर्यंत स्पष्ट फोटो जोडावा.’

दवाखान्यातल्या सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवरच्या शिवराजनं कॉम्प्युटरचा पडदा दीपालीकडं वळवला. स्वतःच्या तोंडानं सांगायची त्याची आता हिंमत नव्हती.

“ह्या लोकांना वाचता येत न्हाय का?” दीपाली म्हणाली. “डावा पाय गुडघ्याखालून कापलाय असं लिहून दिलंय. अपंगाचा दाखला जोडलाय, डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीय. आता काय माझं डोकं कापून जोडू?”

“ताई, मला दिसतंय हो. वर बसलेल्याला दोनच चौकोन दिसतात. डावा अन् उजवा. एक रिकामा दिसला की फाईल परत.”

“मग त्या वरच्याला फोन लावा.”

“वर फोन लागत न्हाय. वरूनच येतो.”

भिंतीला लागून चाकाच्या खुर्चीत बिराप्पा बसला होता, दीपालीचा बाप. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, अन् आता उरलेल्या उजव्या पायाचीही बोटं काळी पडत चाललेली. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. आज मंजुरी आली तर उद्या तुंबलेली शीर मोकळी करू, पाय वाचेल. नाही आली तर हाही काढावा लागेल.

“सायेब,” बिराप्पा शिवराजला म्हणाला, “दोन पाय असतं तर म्या हितं बसून ऱ्हायलो असतो व्हय?”

शिवराज उगाच माऊस हलवत राहिला.

काल हाच तमाशा झाला तेव्हा दीपालीची आई, म्हाळसाबाई, लेकीच्या मागं उभी राहून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं होतं, “दोनी पाय दिसलं म्हंजी करत्याल का गं सही?” दीपालीचं टाळकं आधीच फिरलेलं. “व्हय आये, दिसलं की लगीच करत्याल,” ती फणकाऱ्यानं बोलून गेली. आज सकाळच्या एस्टीनं म्हातारी गावाकडं, वाशीला घरी गेली. भाकरी आणायला गेली असंल, असंच दोघांना वाटलं.

ती आता दारातून आत आली. भाकरीचं फडकं नव्हतं. काखेत घोंगडीचं गाठोडं, नखांत काळी माती.

“कंडक्टर इचारीत हुता, गाठोड्यात काय हाय,” ती नवऱ्याला म्हणाली. “म्या म्हनलं, मालकाचा पाय. हसाय लागला मेला.”

बिराप्पा हसला नाही. त्याला कळलं. दीपालीला कळायला घोंगडी सुटावी लागली.

तीन वर्षांमागं डावा पाय कापला तेव्हा म्हाळसाबाईनंच तो दवाखान्यातून मागून घेतला होता. त्यांच्यात माणूस पुरतात, मग पाय टाकून कसा द्यायचा? शेताच्या बांधाला पुरून वर दगड ठेवला होता, भंडारा वाहिला होता. उद्या म्हातारा गेला की त्यालाही तिथंच ठेवायचं ठरलेलं. माणूस अख्खा जायला पाहिजे ना.

घोंगडीत नडगीचं हाड होतं. पावलाची बारकी बारकी हाडं तिनं वाटेत सांडू नयेत म्हणून धडप्यात वेगळी बांधून आणली होती.

दीपालीनं खिडकीची कड धरली. “आये, काय केलंस गं हे.”

“तूच म्हनलीस की,” म्हाळसाबाई म्हणाली. तिला लेकीचा आवाज असा का झाला ते समजेना. “दिसलं की करत्याल म्हनून.”

ती खाली बसली. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर नडगी ठेवली, खाली पावलाची हाडं एकेक करून लावली. बिराप्पानं आपला काळा पडलेला पाय जरासा बाजूला घेतला अन् जागा करून दिली.

“काढा सायेब,” ती म्हणाली. “दोनी दिसत्यात का बगा.”

शिवराज बाहेर आला. त्याला नको म्हणता येईना. पहिला फोटो वाया गेला. दुसरा त्यानं तसाच, न बघता, फाईलला जोडून टाकला. मग खुर्चीत बसून नुसतं पडद्याकडं बघत राहिला. चहावाला कप ठेवून गेला, त्यावर साय धरली.

पडद्यावर नवी ओळ आली.

शिवराजनं वाचलं. पुन्हा वाचलं. “ताई, मंजूर झालं,” तो म्हणाला अन् तिला बघता यावं म्हणून पडदा वळवला. शेरा होता: ‘दोन्ही पायांचा फोटो प्राप्त. समाधानकारक.’

एवढे दिवस दीपाली याच शब्दासाठी भांडत होती. पाय वाचणार होता. आनंद व्हायला पाहिजे होता, पण ती तो शेराच पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

“कुणी बघितला का ओ त्यो फोटो?” तिनं विचारलं.

शिवराजनं मंजुरीचा कागद छापायला टाकला.

म्हाळसाबाईनं हाडं पुन्हा धडप्यात बांधली, घोंगडी गुंडाळली. “दिवस हाय तवर जाते,” ती नवऱ्याला म्हणाली. “ठिवते जागच्या जागी. उद्याच्याला येते भाकरी घिऊन.”

“जा,” बिराप्पा म्हणाला. त्यानं गाठोड्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला.

“पर लई खोल पुरू नगंस. फुडच्या खेपंला बी मागत्याल.”