एका बाजूने भाजलेला पाव

राखाडी कोटातला माणूस वर्तमानपत्रावरून तिसऱ्यांदा आपल्याकडे बघतोय, हे दाढीवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चमचा वाडग्यातच थांबला.

सहा टेबलांच्या त्या हॉटेलात तोंड लपवायला जागा नव्हती. एरवी दुपारी खुर्ची मिळायची मारामार. आज मात्र ते दोघंच.

"सूप गार होतंय," ओट्यापलीकडून ताई म्हणाल्या. मालकीण त्याच, आचारी त्याच आणि वाढणाऱ्याही त्याच.

"आज कोणीच कसं नाही?"

"आज बंद ठेवणार म्हणून कालच सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आलाच आहात तर बसा निवांत."

"आणि हे?" त्याने कोटवाल्याकडे डोळ्यांनीच खूण केली.

"नवखे दिसतात. उपाशी कसं पाठवायचं?"

दाढीवाल्याने मान खाली घातली. आज पायांना गार वारा लागत नव्हता, तेवढंच काय ते सुख. बाकी जीव टांगणीला लागला होता.

समोरच्या चारशे खुर्च्यांच्या हॉटेलात तो दोन वर्षं सुखाने जेवला होता. तिथे टेबलाला नंबर, गिऱ्हाइकाला नंबर, वाढणाऱ्याच्या छातीवर नंबर. कोणी कोणाचं तोंड बघत नव्हतं आणि त्याला तेच हवं होतं. आठ वर्षांपूर्वी त्याने गाव सोडलं, नाव टाकलं, दाढी वाढवली. ओळखला गेला असता तर उरलेलं आयुष्य गजांआड गेलं असतं.

पण एकदा समोर फार मोठी रांग होती. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून तो इथे शिरला. ताईंनी त्याच्याकडे एकवार बघितलं आणि काही न विचारताच ताट आणून ठेवलं. दोन तळलेली अंडी, कडा गोल कापून काढलेली. शेजारी पाव, फक्त एका बाजूने भाजलेला.

लहानपणापासून त्याला पाव असाच लागायचा.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारलं होतं.

"चेहरा बघितला की कळतं," ताई म्हणाल्या होत्या.

इतक्या वर्षांत आपल्याला काय आवडतं, याची चौकशी कोणी केली नव्हती. त्या दिवसापासून समोरचं हॉटेल सुटलं ते सुटलंच. एका पावापायी आपण जीव धोक्यात घालतोय, हे त्याला कळत होतं. पण भुकेपुढे शहाणपण कोणाचं चाललंय?

बाकीची गिऱ्हाइकंही अशीच ताईंच्या प्रेमात. थट्टाही करायची. ऐन थंडीत ताई मागचं दार वीट लावून सताड उघडं ठेवायच्या. "ताई, सुपाबरोबर सर्दी फुकट का?" असं कोणीतरी रोज विचारायचं. भट्टीसमोरसुद्धा मनगटापर्यंत बाह्या कशाला, असंही विचारायचं. ताई दाराचं तेवढं उत्तर द्यायच्या. "आमच्या ह्यांना धूर सोसला नाही हो. तेव्हापासूनची सवय."

कोटवाल्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो उठून थेट दाढीवाल्याकडे निघाला.

दाढीवाल्याने चमचा खाली ठेवला. सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं. गावातलं ते भलंमोठं हॉटेल, जिथला तो मॅनेजर होता. मुदपाकखान्यातले लोक बिड्या ओढायला बाहेर सटकतात म्हणून मागच्या दाराला त्याने ठोकलेलं कुलूप. खिशातली चावी. आणि आग लागली ती दुपार. आतून दारावर हात आपटत होते आणि हा चावी खिशात घेऊन पळत सुटला होता. नऊ माणसं गेली. मुदपाकखान्यात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. साठ माणसं राबायची, पण एकाचंही नाव किंवा तोंड त्याला ठाऊक नव्हतं.

"माफ करा," कोटवाला वाकून म्हणाला, "मघापासून तुमच्याकडेच बघतोय."

"का?" दाढीवाल्याला आपलाच आवाज ओळखू आला नाही.

"मी न्हावी आहे हो. मागच्या गल्लीत नवीन दुकान टाकलंय. ही दाढी बघून हात शिवशिवतायत. कधी उतरवायची असेल तर या."

दाढीवाला इतका हसला, की डोळ्यांत पाणी आलं. न्हावीही हसला, ताईंना नमस्कार करून निघून गेला. ताईंनी त्याच्यामागे पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं.

"नाहीतर आणखी कोणीतरी शिरायचं," त्या म्हणाल्या.

"ताई, उगाचच घाबरलो होतो मी."

"दिसलं मला. थांबा, ताट आणते."

तो पाय पसरून बसला. जीव भांड्यात पडला होता. आतून किंचित जळका वास आला. पाव करपला असेल, आज ताईंचंही लक्ष नाही, असं वाटून त्याला गंमत वाटली.

ताईंनी ताट आणलं. कडा कापलेली दोन अंडी. एका बाजूने भाजलेला पाव, सोनेरी, कुठेही न करपलेला.

मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्याच्या टेबलाशी बसल्या. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटापासून वर कातडी सुरकुतून चकाकत होती.

"चार वर्षं रोज दुपारी हे ताट मीच भरून वर पाठवत होते," ताई शांतपणे म्हणाल्या. "आमचे हे शेजारच्या भट्टीवर असायचे. जेवून घ्या, मॅनेजरसाहेब. मागचं दार आज मी लावून घेतलंय."