१७०१

पडद्यावर पुन्हा १७०१ हा आकडा उमटला. हार्ड डिस्क सापडत नव्हती.

"चौथी वेळ," मुंबईहून आलेला इंजिनीअर विष्णू म्हणाला. पण त्याच्या आवाजात कंटाळा नव्हता. अवघड दुखणं मिळालं की त्याला भूक लागत नसे.

साजगावच्या त्या कारखान्यात हा कॉम्प्युटर मुंबईच्या कचेरीत वापरून जुना झाल्यावर आला होता. १९८९ चा डिसेंबर चालू होता. सोमवारपासून डिस्क कधी सापडे, कधी नाही. आज गुरुवार.

"संध्याकाळपर्यंत व्हायला हवं," मॅनेजर म्हणाले. "बदली कामगारांची सगळी हजेरी त्यात आहे. थोड्या चुका राहिल्यात. उद्या लेबर ऑफिसचा माणूस येतोय, त्याच्या आत नीट करायच्यात."

"नक्की कधी सापडते?" विष्णूने विचारलं.

कॉम्प्युटर चालवणारी अनसूया कडावहून रोज बसने यायची. तिने तारीखवार टिपून ठेवलं होतं. "सकाळी कधीच नाही. जेवणाच्या सुट्टीत सापडते. साहेब येऊन बसले की पुन्हा जाते."

विष्णूचे डोळे चमकले. "थंडी. गार यंत्र अडतं, तापलं की चालतं."

शेजारचा प्रिंटर जरा सरकवून, झाकण उघडून त्याने टेबलावरचा दिवा डिस्कजवळ धरला. अर्धा तास गेला. शेजारच्या खोलीतले दोघे कारकून दारात येऊन उभे राहिले. बटण दाबलं. १७०१.

मग त्याने डिस्कचं कार्ड उपसून काढलं. त्याच्या पितळी कडा खोडरबराने घासल्या, फुंकर मारली, कार्ड दाबून बसवलं. दारातल्यांनी श्वास रोखला. १७०१.

"सापडणार," विष्णू बाह्या सरसावत म्हणाला. "आज सोडत नाही मी याला."

एक वाजता मॅनेजर त्याला आग्रहाने कँटीनला घेऊन गेले. कारकूनही गेले. अनसूया म्हणाली, "मी इथंच डबा खाते. लक्ष ठेवते."

पाऊण तासाने विष्णू जवळजवळ धावतच परतला. "सापडली का?"

"एकदा सापडली. आता पुन्हा नाही." तिने डबा पिशवीत ठेवला. "साहेब, डिस्कच्या मागची ती रुंद पट्टीची वायर एकदा बघता का? मला ती तिरकी वाटते."

विष्णूने वाकून बोट लावलं. वायर अर्धीच बसलेली होती. त्याने ती दोन्ही अंगठ्यांनी आत रेटली आणि बटण दाबलं.

डिस्क घरघरली. लाल दिवा लुकलुकला. पडद्यावर अक्षरं आली.

बंद, चालू. सापडली. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दहा वेळा केलं, दहाही वेळा सापडली. कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. "बाई, हे मला सकाळीच दिसायला हवं होतं," विष्णू हसत म्हणाला. "तुम्ही इंजिनीअर व्हायला पाहिजे होतं." मॅनेजरनी सगळ्यांना चहा मागवला आणि अनसूयेला लवकर घरी जायला सांगितलं. आपण मात्र खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसले.

फाटकाबाहेर धाऊमामा उभा होता. सहा वर्षं तो बदलीवर माल चढवत होता.

"सायबाचं मशीन झालं म्हनं चालू?"

"झालं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे आता आमचं हजेरीचं दिवस कमी करनार त्यो. कायम व्हायचं राह्यलं बाजूला."

"करू दे," अनसूया म्हणाली आणि तिने पिशवीतून कागदांचा जाड गठ्ठा काढून त्याच्या हातात ठेवला. "अडतीस जनांची तीन वर्सांची हजेरी हाय, जशीच्या तशी. हे आजच लेबर ऑफिसात द्या. रोज जेवनाच्या सुट्टीत छापत होते, शेवटची पानं आज निघाली. तवर सायबाला आत हात घालू द्यायचा नव्हता, म्हनून सोमवारपासनं ती वायर मीच ढिली करून ठेवत होते."