हात रिकामे दिसले तर

दादाच्या ऑफिसात कुणाचे हात रिकामे दिसले की साहेब खेकसायचे, "काम नाही वाटतं?" ती नोकरी सोडून वर्षं लोटली, तरी दादा अजून घरभर फाइल घेऊनच फिरतो, अगदी संडासला जातानासुद्धा. वहिनीने एकदा फाइल लपवली, तर हा गडी उशी काखोटीला मारून पाणी प्यायला गेला.

आज त्याची लेक दोन्ही हात पसरून, डुगडुगत पहिल्यांदा चालली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. धावत जाऊन त्याने फाइल तिच्या हातांत कोंबली.

"धर बाळा, कुणी बघायच्या आत."

पोरगी धपकन आपटली. तिने भोकाड पसरलं, पण फाइल काही सोडली नाही.