नारळ फुटायचा इफेक्ट

नारळ पुन्हा नाकावरच पडला.

सुगंधाबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या. "अगो, डोक्यावर पाड, डोक्यावर!"

प्रांजलने आईच्या हातातला फोन घेतला आणि लॅपटॉपवर नारळ थोडा वर सरकवला. बाकी इफेक्ट झकास जमला होता. कॅमेऱ्यासमोर चेहरा आला की डोक्यावर भगवा फेटा चढायचा आणि ओठांवर झुबकेदार मिशी. मग एकाने मालवणी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाकडे मागणं मागायचं. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" असा गजर केला की वरून नारळ येऊन फाडकन फुटायचा आणि पाणी मिशीवरून गळायचं. अंधेरीच्या तिच्या ऑफिसला हा इफेक्ट गणपतीच्या आधी एका मसालेवाल्याच्या जाहिरातीसाठी हवा होता.

दाराजवळच्या खुर्चीत निमेश अंग चोरून बसला होता. प्रांजलच्याच ऑफिसात तो इफेक्टच्या आवाजाचं काम बघायचा. घाटकोपरचा गुजराती मुलगा. मालवणीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. "रे म्हाराजा" कानावर आलं की पोटातून "व्हय म्हाराजा" ओरडायचं, एवढं प्रांजलने त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

चाचणी हे निमित्त होतं. प्रांजलला याच निमेशशी लग्न करायचं होतं, आणि तिच्या बाबांनी, जयवंतरावांनी, महिन्यापूर्वी साफ नकार दिला होता. "ज्या घरात बांगडो शिजणा नाय, थय माझा चेडू जाऊचा नाय," असं बजावून त्यांनी लेकीशी बोलणंच टाकलं. तिनेही हट्ट सोडला नाही. बाबांच्या होकाराशिवाय लग्न करायचं नाही आणि निमेशशिवाय दुसऱ्या कोणाशी करायचं नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं. आज ती त्याला सरळ जोगेश्वरीच्या घरीच घेऊन आली. तो आत आला तसे जयवंतराव पेपर उचलून गॅलरीत गेले. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.

"आता मी घालते गाऱ्हाणं," प्रांजल म्हणाली. तिने फोन समोर धरला. फेटा चढला, मिशी आली. "बा देवा म्हाराजा, माझो इफेक्ट व्हायरल कर, माका लाखभर लाइक दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि निमेश एकदम ओरडले.

"ह्या काय गाऱ्हाणा?"

जयवंतराव गॅलरीच्या दारात उभे होते. महिन्याभरातलं त्यांचं लेकीशी हे पहिलं वाक्य.

"का? काय चुकलं?"

"आपल्यासाठी आपणच मागतत? लाज वाटणा नाय? घरातलो मोठो मागता, धाकट्यांसाठी!"

बिल्डिंगमध्ये कोणाची स्कूटर येवो, लिफ्ट बसो की पोराची दहावी असो, गाऱ्हाण्याला बोलावणं जयवंतरावांनाच यायचं. त्यांच्याच घरात त्यांच्याच लेकीने असं गाऱ्हाणं घालावं? माणसाने राग धरून धरून तरी किती धरायचा!

"मग तुम्ही घाला ना, बाबा."

जयवंतरावांनी पेपरची घडी केली आणि चष्मा लावला. सुगंधाबाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. स्वतःचं रूप बघून त्यांना हसू फुटत होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टाने दाबलं.

"मिशी वर घे जरा. पडेल दिसता."

प्रांजलने मिशीला पीळ दिला. जयवंतरावांनी पायातल्या सपाता काढल्या, हात जोडले, आणि ते एकदम गंभीर झाले. त्यांना बघून निमेशही खुर्चीतून उठून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जी लेकरा जमली हत, तेंच्या कामाक यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ बरोब्बर डोक्यावर फुटला. प्रांजलने टाळी वाजवली.

"जो कोण ह्या इफेक्टाक नावा ठेवीत, तेच्या फोनाची बॅटरी उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुन्हा नारळ, पुन्हा पाणी. सुगंधाबाईंना हसू आवरेना, त्यामुळे फोन हलत होता आणि जयवंतरावांचा फेटा कधी कपाळावर, कधी कानावर जात होता. आता पुरे म्हणून प्रांजल लॅपटॉपकडे वळली. पण बाबांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी घसा खाकरला. आवाज मघासारखा खणखणीत राहिला नव्हता.

"आणि माझ्या चेडवान आपल्या मनान जो सोबती पसंत केल्यान हा, तेच्या घरात बांगडो नसलो तरी दोघांचो संसार सोन्यासारखो कर रे म्हाराजा!"

सुगंधाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. प्रांजलने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आनंदाने तिला रडू कोसळलं होतं. निमेशने फक्त "रे म्हाराजा" ऐकलं. पढवल्याप्रमाणे त्याने छाती भरून श्वास घेतला आणि एकट्यानेच आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!"

जयवंतरावांनी चष्मा काढला आणि आज पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं.

"जावयबापू, तुमी गप रव्हा. तुमच्यासाठी 'व्हय' आमी म्हणूचा असता."