येते हं

“सिस्टर ‘येते’ म्हणाल्यात,” तिशीतल्या ओजसने पुन्हा तेच ऐकवलं आणि बँकॉकच्या हॉस्पिटलातली खाट आणखी घट्ट धरली. ऑपरेशननंतर त्याला पुण्याला न्यायचं होतं. विमानतळावर सोडणारी ॲम्ब्युलन्स खाली खोळंबली होती.

त्याच्या आईचा, मृणालिनीबाईंचा पारा चढला. फोनवर विमा कंपनीचा माणूस म्हणत होता, “मॅडम, आमच्या कालच्या मराठी सिस्टरची ड्यूटी संपली. सोबतीला दुसरी दिलीय ना? त्याला जरा समजावा.”

“अहो, तो ऑटिस्टिक आहे, कितींदा सांगू? त्याच्यासाठी शब्द म्हणजे शब्द! तुमची सिस्टर निघताना ‘येते हं’ म्हणून गेली. आता तिला आणा, नाहीतर तिलाच खरं काय ते सांगू दे!”

शेवटी सिस्टर फोनवर आल्या. मराठी माणसाच्या जिभेवर सहसा न येणारा शब्द त्या चाचरत बोलल्या, “ओजस, मी... जाते.”

“बरं,” म्हणत तो मुकाट व्हीलचेअरमध्ये बसला. दारातून खाटेकडे वळून म्हणाला, “जातो.”

‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं,’ असं त्याला जन्मभर बजावणाऱ्या बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“जातोच म्हण, राजा,” त्या करवादल्या. “इथे कुणाला परत यायचंय!”