गृहभेट

जर्मनीला सहा महिने पाठवायच्या विद्यार्थ्याची निवड करण्यासाठी व्यवस्थापन महाविद्यालयाचे देवस्थळी सर यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. चहा त्यांनी कुणाकडेच घेतला नाही. शौचालय मात्र प्रत्येक घरातलं वापरलं.

विश्रांतवाडीला भाग्यश्रीच्या आईला त्याचं कौतुकच वाटलं. “एवढा मोठा माणूस, पण परकेपणा म्हणून नाही!” लेखी परीक्षेत आणि जर्मन भाषेत मुलगी पहिली आलेली, तेव्हा ही भेट केवळ उपचारापुरती, असं तिनं गृहीत धरलं होतं.

निवड अवनीची झाली. ती यादीत शेवटची होती.

“सर, मी कुठे कमी पडले?” भाग्यश्रीनं विचारलं.

“तू कुठेच नाही गं. पण ही अदलाबदल आहे. तू गेलीस की तिकडचा मुलगा तुमच्या घरी राहणार. त्याला उकिडवं बसता येत नाही.”

भाग्यश्रीला त्या निकषाचीच किळस आली. तरीही ती म्हणाली, “आधी सांगितलं असतंत, तर बाबांनी आठवड्यात कमोड बसवून घेतला असता.”

“तसा तो सगळ्यांनीच बसवला असता,” सर शांतपणे म्हणाले. “मग आम्ही निवड कशावर केली असती?”